तपेलीभर आंबेमोहोर

टायफॉइडातून उठलेल्या माणसाला जी भूक लागते तिला भूक म्हणणं म्हणजे भुकेचा अपमान आहे. ज्यांना तो ताप कधी आला नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. आता गोळ्या आल्यात. आठ दिवसांत माणूस उठतो आणि वर तोंड करून सांगतो की मला टायफॉइड झाला होता. अरे, तो कसला टायफॉइड! आमच्या वेळी, लढाईच्या दिवसांत, एकवीस दिवस ताप आणि तो उतरला की पुढे आणखी आठ-दहा दिवस उपास. ताप माणसाला सोडतो, पण तापानंतरचा पहिला घास सोडत नाही, असं आमचे डॉक्टर सांगत आणि आम्हाला घाबरवून ठेवत.

मला आणि आमच्या ह्यांना हा ताप पाठोपाठ आला. आधी मला, आठ दिवसांनी ह्यांना. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सांगलीत दोन खोल्यांचं आमचं बिऱ्हाड होतं, हे शाळेत भूमिती शिकवत आणि सासूबाई आमच्याजवळच असत. बाहेरच्या खोलीत ह्यांची खाट. आतल्या खोलीत एका कोपऱ्यात चूल आणि दुसऱ्या कोपऱ्यात माझं अंथरूण. मध्ये उंबरा, आणि उंबऱ्यावर सासूबाई. त्या बाईनं महिनाभर दोघांचं केलं. अंगं पुसली, भांडी उचलली, रात्री जागवल्या. तोंडानं एकदाही गोड बोलल्या नाहीत, पण केलं सगळं. त्यांनी केलं म्हणून आम्ही जगलो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल थोडं वाकडं बोलणार आहे.

वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. एरवी त्याचं काही वाटत नसे. सासूबाई देवळात गेल्या, विहिरीवर गेल्या, की बोलून घ्यायचं. पण आता दोघंही आडवी आणि सासूबाई चोवीस तास उंबऱ्यावर. त्यामुळे महिनाभर आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. बाहेरून आवाज यायचा, "आई, आत कुणाला बरं वाटतंय का?" कुणाला म्हणजे काय? आत काय दहा माणसं होती? मग मी म्हणायची, "आई, बाहेर म्हणावं, ताप नाही." आणि सासूबाई मध्ये बसून ऐकलेलंच पुन्हा तिकडे सांगायच्या, जसं काही आम्ही दोघं बहिरे होतो.

दुसरी रीत म्हणजे बायकोनं नवऱ्याआधी जेवायचं नाही. ही मी पाळत होते, आणि पाळत होते म्हणजे काय, पाळल्यावाचून इलाज नव्हता. हे शाळेतून कितीही उशिरा येवोत, मी आपली आतडी पिळत बसायची. आणि शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, काय बाई सून आहे! सासूबाई नुसत्या हुंकार द्यायच्या, पण तो हुंकार ऐकून मला मूठभर मांस चढायचं. एवढीच काय ती माझी मिळकत.

त्या मंगळवारी सकाळी डॉक्टर आले. माझा ताप उतरून आठ-नऊ दिवस झाले होते, ह्यांचा नुकताच उतरला होता. डॉक्टरांनी माझी जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाले, "काकू, हिला आज दुपारी बारा वाजता भात द्या. अगदी गुरगुट्या. चार घास. पाचवा नाही."

भात! मी भिंतीकडे तोंड करून रडले. देव भेटला तर मी इतकी रडेन असं वाटत नाही.

मग ते बाहेरच्या खोलीत गेले. "मास्तर, तुम्हाला अजून ताकाची निवळच. तुमचं आतडं आत्ता ओल्या पापडासारखं झालंय. भाताचं एक शीत गेलं तरी फाटेल. आणि फाटलं की मला बोलावू नका, तिरडीवाल्याला बोलवा." मग उंबऱ्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना मिळून सांगितलं, "आज घरात शांतता पाहिजे. समाचाराला कोणी यायला नको, कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. एक दिवस शांत गेला की अर्धं काम झालं."

डॉक्टर गेले आणि सासूबाई विचारात पडल्या. सुनेनं बाराला जेवायचं आणि मुलगा तर जेवणारच नाही. मग सून नवऱ्याआधी जेवली असं होतं की नाही? त्यांनी बराच वेळ पदराचं टोक चावलं आणि मग तोड काढली. पावणेबाराला ह्यांना वाटीभर निवळ पाजली आणि मोठ्यानं विचारलं, "झालं ना रे तुझं जेवण?"

"हे जेवण?" बाहेरून आवाज आला.

"झालं म्हण."

"झालं," हे म्हणाले. त्या आवाजात इतकं दुःख होतं की मला हसू फुटलं आणि मी पांघरूण तोंडात कोंबलं.

भात कुठला होता ते सांगायला हवं. रेशनवर तेव्हा मिळायचा तो तांदूळ निवडला की निम्मे खडे निघायचे. पण माझ्या वडिलांनी साताऱ्याहून आंबेमोहोर पाठवला होता. धान्य इकडून तिकडे न्यायला तेव्हा बंदी होती, त्यात सांगली म्हणजे संस्थान, मध्ये हद्द. म्हणून त्यांनी तो उशीच्या अभ्र्यात शिवून एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर पाठवला, आणि ते बिचारे रेल्वेत त्या उशीवर डोकं ठेवून आले. मान आठ दिवस वाकडी होती म्हणे त्यांची. सासूबाईंनी तो डब्यात ठेवून वर कुलूप लावलं होतं. आज तो निघाला.

आंबेमोहोर शिजायला लागला की त्याचा वास घरात मावत नाही. मी आपली डोळे मिटून घेतच होते तो वास. बाहेरच्या खोलीत खाट करकरली. मग पुन्हा करकरली.

सासूबाईंनी वाटीत चार घास भात काढला, वर तुपाचा थेंब, चिमूटभर मेतकूट. वाटी माझ्या उशाशी ठेवली. बाकीचा भात तूप घालून तपेलीत, चुलीच्या वैलावर झाकून. तो त्यांचा स्वतःचा आणि संध्याकाळच्या माझ्या चार घासांचा. मग त्यांनी हातात नारळ घेतला. मुलाचा ताप उतरला तर गणपतीला एकवीस प्रदक्षिणा घालीन असा नवस बोलल्या होत्या, आणि मंगळवार चुकवायचा नव्हता. जाताना मला म्हणाल्या, "सावकाश खा. चारच. आणि उठू नकोस." मुलाला म्हणाल्या, "पडून राहा." बाहेरून कडी लावून गेल्या, म्हणजे समाचारवाले येऊ नयेत.

घरात महिन्यानं पहिल्यांदा आम्ही दोघंच. पावलांचा आवाज लांब गेला. मी वाट पाहत राहिले. म्हटलं, आता हे विचारतील, कशी आहेस? वाळलीस का? आठवण आली का?

"काय गं," बाहेरून हाक आली, "मऊ झालाय का?"

महिन्यानं पहिला शब्द, आणि तो भाताबद्दल! जळ्ळं मेलं लक्षण! मी म्हटलं, "कोण, मी का?"

"नाही, भात."

"झालाय मऊ. तुम्हाला काय करायचंय? तुमचं जेवण झालंय."

मी उठून बसले आणि पहिला घास घेतला. त्याची चव मी लिहून सांगणार नाही, कारण मला ती जमणार नाही. दुसरा घास घेताना बाहेरून भूमिती सुरू झाली.

"हे बघ, डॉक्टरांनी मला काय वर्ज्य केलंय? घन पदार्थ. घन पदार्थ म्हणजे काय? ज्याला स्वतःचा आकार असतो तो. गुरगुट्या भाताला आकार असतो का? नसतो. वाटीत ठेवला तर वाटीचा, तपेलीत ठेवला तर तपेलीचा. म्हणजे तो घन नाही. म्हणजे मला चालतो. सिद्ध झालं."

"काही सिद्ध झालं नाही. डॉक्टर म्हणाले एक शीत गेलं तर आतडं फाटेल."

"डॉक्टरांना भूमितीत कमी मार्क होते, म्हणून तर ते डॉक्टर झाले. अगं, एकच चमचा. नवरा मागतोय."

"नाही."

हा शब्द मी ह्यांना तीन वर्षांत कधी म्हटला नव्हता. तो कसा निघाला माझं मलाच कळलं नाही. मग ह्यांनी वर्गातला आवाज काढला. "तपेली इकडे आण."

"मला उठू नकोस म्हणून सांगितलंय."

"ठीक आहे," हे म्हणाले. "मीच येतो."

आणि खाट करकरली, आणि जमिनीवर धप्प असा आवाज झाला. ह्यांनी पाय खाली टाकला होता आणि पायापाठोपाठ स्वतःही आले होते. मला वाटलं, आता रडतील आणि परत चढतील. कसलं काय! घसट, घसट असा आवाज येऊ लागला. माझा नवरा, हायस्कुलातला मास्तर, टोपी घातल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस, भुईवरून बसल्या बसल्या सरकत येत होता.

आता हसू येतं, पण तेव्हा मी घाबरले. बाहेरची खोली ती केवढी, आठ-दहा हात. पण महिन्याच्या आजाऱ्याला ते अंतर पंढरपूरइतकं. मध्येच थांबत होते, धापा टाकत होते आणि पुन्हा सरकत होते. मी ओरडले, "अहो, नका ना! तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" नुसती घसट.

मी विचार केला. तपेली लपवावी? कुठं? गरम तपेली पांघरुणात घेतली तर मी भाजेन. परसात फेकावी? मागचं दार दूर, आणि माझे पाय धड उभे राहत नव्हते. आणि आंबेमोहोर फेकायचा? वडिलांनी कुणाच्या तरी मानेखालून पाठवलेला? हात धजेना. राहता राहिली एकच जागा, जिथं ठेवलेला भात ह्यांना काढून घेता आला नसता.

मी वाटी संपवली, सरकत चुलीपाशी गेले, तपेली मांडीत ओढली आणि खायला लागले.

खरं सांगू? नवऱ्यासाठी खाल्ला असं मी पुढे लोकांना पुष्कळदा सांगितलं. पहिले दोन-तीन घास तसे असतीलही. पुढचे माझे होते. मी हातानं, बचकाबचका, न चावता खात होते. तोंडानं "अहो, नका येऊ" म्हणत होते आणि मनात म्हणत होते, यायचेत तर जरा सावकाश या. मला लाज वाटत नव्हती. तीन वर्षं वाट पाहून जेवलेली सगळी जेवणं त्या तपेलीत होती असं वाटत होतं. तूप हाताच्या कोपरापर्यंत आलं होतं.

हे उंबऱ्यात आले तेव्हा मी तपेलीचा तळ बोटानं निपटत होते. ह्यांनी उंबऱ्याला धरलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, गळ्यातलं जानवं मागं गेलेलं. महिन्यानं मी माझा नवरा पाहिला, आणि त्यांनी मला पाहिलं ते या अवतारात.

"सगळा?" ते म्हणाले.

"सगळा."

ते आणखी दोन हात सरकले, माझ्या मांडीतून तपेली घेतली आणि तिच्यात डोकावून पाहिलं. मी एक शीत ठेवलं नव्हतं. मग त्यांनी तपेलीत तोंड घातलं आणि डोळे मिटून नुसता वास घेतला. एवढा मोठा माणूस, आणि त्याचे खांदे हलत होते.

नेमकं त्याच वेळी मागच्या दारात दूधवाली उभी. ती रोज त्या वेळेला यायची. तिनं कमरेवरची चरवी खाली ठेवली आणि गालावर बोटं ठेवली. "आगं बया! मास्तर तपेली चाटत्यात की! आवं, तुमास्नी डाक्टरनं काय सांगितलंया?" आणि आम्ही तोंड उघडायच्या आत ती दूध तसंच टाकून, गणपतीच्या रस्त्याला पळत सुटली.

हे भिंतीला टेकून बसले. मी शेजारी. दोघांनाही उठून आपापल्या जागी जाण्याची ताकद नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि रागानं म्हणाले, "अख्खी तपेली खाल्लीस. नवऱ्याला एक घास नाही. असली बायको..." आणि मध्येच थांबले. माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तुला किती सांगितले होते?"

"चार."

"आणि खाल्लेस किती?"

मी रिकाम्या तपेलीकडे पाहिलं. तोपर्यंत, देवाशपथ सांगते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते पाचवा घास नाही. माझं आतडं काही लोखंडाचं नव्हतं, ह्यांच्यापेक्षा आठ दिवसांनी जुनं, एवढंच. आता पोटात एक जड गोळा बसल्यासारखा वाटायला लागला, आणि तो आधीपासून होता की आत्ता आला ते मला ठरवता येईना.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं. भाताचं नाव नाही. "खरं सांग. दुखतंय का गं?"

"नाही अजून."

त्यांनी माझा हात धरला, तुपासकट. आम्ही तसेच बसून राहिलो, आणि मी मनातल्या मनात आमच्या घरच्या सगळ्या देवांना एकेक नारळ बोलले.

सासूबाई धावत आल्या. एकवीसपैकी किती प्रदक्षिणा झाल्या देव जाणे. मागे दूधवाली. सासूबाईंनी रिकामी तपेली पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "खाल्लास ना रे! घात केलास ना माझा!"

"आई," मी म्हटलं, "मी खाल्ला. सगळा मी खाल्ला."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "गप्प बस बाळ. नवऱ्याचं पाप स्वतःच्या पदरात घेतेस? मला कळत नाही का? तीन वर्षांत तू त्याच्याआधी पाण्याचा घोट घेतला नाहीस आणि आज तपेलीभर भात खाल्लास? कुणाला सांगतेस!"

बाळ म्हणाल्या! तीन वर्षांत पहिल्यांदा!

"आई, तिनंच खाल्ला," हे म्हणाले. "मी वास घेतला फक्त."

"लाज नाही वाटत? बायकोवर ढकलतोस? आजारी बायकोवर?"

"म्या सवता बगितलं," दूधवाली म्हणाली. "तपेलीत टक्कुरं घालून चाटत हुतं. लय भूक लागलीया बिचाऱ्यास्नी."

झालं. साक्षीपुरावा पक्का. सासूबाईंनी आणि दूधवालीनं मिळून ह्यांना उचलून खाटेवर टाकलं. मग दूधवालीला डॉक्टरांकडे पिटाळलं. आणि सासूबाई आत येऊन, डोळे पुसत, डब्याचं कुलूप काढून पुन्हा तांदूळ धुवायला लागल्या. मी विचारलं, "आई, हा कुणासाठी?" तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी. वाटीतलाही त्यालाच दिला असशील. सकाळपासून उपाशी आहेस तू."

मी शपथा घातल्या. हात दाखवले, तूप दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याला भरवताना लागलं असेल. मी म्हटलं, पोट तटतटलंय. त्या म्हणाल्या, उपाशी पोटी वारा धरतो, दोन घास गेले की मोकळं होईल. इतकी वर्षं कमावलेली माझी अब्रू अशी माझ्याच उरावर बसली. एवढी गुणाची झाले नसते तर त्या दिवशी कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला असता.

डॉक्टर आले ते लालबुंद होऊन. ह्यांचं पोट त्यांनी ठोकून पाहिलं. आत ताकाची निवळ डुचमळत होती, वर एवढं सरकणं झालेलं. ते पोट नको ते आवाज काढत होतं. "भरलंय," डॉक्टर म्हणाले. "मास्तर, तुम्ही शिकलेले ना? आता आणखी आठ दिवस निवळ. पाणीसुद्धा चमच्यानं. देवाची कृपा असेल तर वाचाल."

हे म्हणाले, "माझं राहू द्या. तिला पाहा. भात तिनं खाल्लाय."

"सात शेर वजन घटलेली बाई तपेलीभर भात खाते? काहीतरीच बोलू नका," डॉक्टर म्हणाले आणि आत माझ्याकडे नुसतं वळून पाहिलं. "काकू, हिच्या पोटात काही गेलंय का? नाही? मग वाढा, वाढा. ही तरी उभी राहू दे."

सासूबाईंनी ताट आणलं. वाटी नव्हे, ताट. वाफ येणारा भात, वर तूप, मेतकूट. माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि पहिला घास कालवून माझ्या तोंडाशी आणला. "घे बाळ. माझ्या हातानं घे."

मी काय करणार होते? पोटात आता खरोखरच दुखत होतं, बेंबीच्या खाली, तिरपं. मी ओठ घट्ट मिटले होते. पण माझी आई मी सात वर्षांची असताना गेली, आणि तेव्हापासून मला कोणी घास भरवला नव्हता. त्या बाईच्या अंगाला चुलीचा आणि कापराचा वास येत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि हात माझ्या ओठाला लागला होता. मला ठाऊक होतं की हा घास माझा जीव घेऊ शकतो. तरी माझे ओठ सुटत होते. मी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं.

हे उठले. भिंत न धरता उठले. दोन खोल्यांमधलं सगळं अंतर ताठ चालत आले, उंबरा ओलांडला, वाकले आणि सासूबाईंच्या पुढ्यातलं भाताचं ताट दोन्ही हातांनी उचललं.

"धरा! धरा त्यांना!" डॉक्टर ओरडले. दूधवालीनं तोंडात पदर कोंबला. सासूबाईंनी ह्यांचे पाय धरले आणि म्हणाल्या, "नको रे बाबा, तुझ्या पाया पडते, नको खाऊस!"

ह्यांनी ताट छातीशी धरलं होतं. वाफ त्यांच्या दाढीवर जात होती. क्षणभर मलाही वाटलं, आता काही खरं नाही. मग त्यांनी पाय सोडवून घेतले, कोपऱ्यातल्या मोरीपाशी गेले आणि ताट उपडं केलं. लढाईच्या दिवसांत, आंबेमोहोर, मोरीत. वर तांब्याभर पाणी ओतलं.

तांब्या खाली ठेवून हे वळले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "आता तिचं पोट पाहा."

डॉक्टरांनी पाहिलं. या वेळी नीट, गुडघ्यावर बसून पाहिलं, आणि त्यांच्या कपाळाला घाम आला. त्यांनी औषध दिलं, पोटावर ओला पंचा ठेवायला सांगितला, दोन दिवस पाण्याशिवाय काही नको म्हणाले. दोन दिवस मी कुशीवर वळायलासुद्धा घाबरत होते. मी जगले हे उघडच आहे, नाहीतर हे लिहिलं कोणी असतं? सासूबाईंनी मला त्यानंतर पुन्हा बाळ म्हणायला बराच काळ घेतला, आणि आंबेमोहोराच्या डब्याची किल्ली गळ्यातल्या पोतीत ओवून ठेवली.

पण डॉक्टर माझ्यावर वाकलेले असताना मी त्यांच्या खांद्यावरून मोरीकडे पाहत होते. हे अजून तिथंच उभे होते. ताट उपडं करताना ह्यांच्या बोटांना भात चिकटला होता, तूप मनगटापर्यंत ओघळलं होतं. कोणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. हात तोंडापाशी न्यायला कितीसा वेळ लागतो? मी श्वास धरून पाहत होते. त्यांनी तो हात अंगापासून लांब धरला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाले, "आई, जरा हातावर पाणी घाल."